गाठीचा धवला

शेवटची ओळ तोंडातून गेली आणि मग सुंदराबायच्या लक्षात आलं, आपण खरोखरच लग्न लावून बसलो.

मांडवातल्या चाळीस जणांना त्यातलं काहीच कळलं नाही. कल्याणचा ज्येष्ठ नागरिक संघ सहलीला आला होता. सकाळी माहुलीच्या पायथ्याला जाऊन नवरा-नवरीचे सुळके बघून झाले, नदीत पाय बुडवून झाले, बैलगाडीत बसून कंबरा दुखवून घेतल्या, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवून झालं. आता शेवटचा कार्यक्रम, 'गावचं लग्न'. सहलीतल्याच दोघांना मुंडावळ्या बांधून पाटावर उभं करायचं, धवलारणीनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, बाकीच्यांनी फोटो काढायचे आणि चहा पिऊन बसमध्ये बसायचं. सुंदराबायचा पुतण्या आदेश यानं सापगावजवळच्या शेतावर हे पर्यटन केंद्र काढलं, तेव्हाची ही त्याचीच शक्कल.

सुंदराबाय आधी तयारच नव्हती. हल्ली गावात लग्नाला भटजी येतो, तिला कोणी बोलवत नाही, हे खरं. पण चाळीस वर्षं तिनं गाऊन लग्नं लावली होती. धवलारणीनं गायलं की लग्न लागलं, मग मंत्र नको की सही-शिक्का नको. त्यातही लग्न लावतो तो पाचवा, गाठीचा धवला. आधीचे चार म्हणजे नुसती तयारी. म्हणून तिनं आदेशला बजावलं, चार गाईन, पाचवा मेले तरी गाणार नाही. सासूनं शिकवताना तिला शपथच घातली होती. चुकीची गाठ बांधलीस तर त्या दिवसापासून तोंड मिटायचं, पुन्हा धवला गायचा नाही. नवरा गेला, लेकी सासरी गेल्या, आता बाईजवळ उरलं होतं ते गाणंच. ते घालवायची तिची बिलकूल तयारी नव्हती. दोन वर्षं तिनं हे पथ्य पाळलं.

आणि आज चूक झाली. झाली कशी, तर धवला काही एकटीनं गायचा नसतो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची. सुंदराबायच्या जोडीला तिची जाऊ बारकी असते. चौथा धवला संपला. सुंदराबायनं दम घेतला. गाताना ती डोळे मिटून घेते, ते मिटलेलेच होते. तेवढ्यात गाठीच्या धवल्याची पहिली ओळ तिच्या कानावर पडली. चाळीस वर्षांची सवय ती, गळा काही विचारायला थांबला नाही. तिनं ओळ झेलली आणि पार शेवटापर्यंत गात सुटली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदराबाय मटकन खाली बसली. ऊन लागलं असेल म्हणून आदेश पाणी घेऊन धावला, तेव्हा तिनं त्याला काय झालं ते सांगितलं. त्याला हसूच आलं. खेळ आहे हा काकी, त्यांना काय कळतंय, तू गप्प बस म्हणजे झालं, असं म्हणून तो चहाचं बघायला गेला. सुंदराबायला मात्र ते पटेना. त्या बाप्याची बायको घरी असेल, तिच्या जिवंतपणी आपण त्याला दुसरीशी बांधला. कोणत्या तोंडानं गप्प बसायचं?

मग तिचा सगळा राग बारकीवर निघाला. अक्कल गहाण टाकलीस का, पाचवा कशाला उचललास, म्हणून तिनं तिला चारचौघांत फैलावर घेतलं. बारकीनं कानांवर हात ठेवले. चौथा संपल्यावर ती पदर सावरत होती, तिनं तोंड उघडलंच नव्हतं. पण सुंदराबाय कशाची ऐकते? मांडवात धवला येणाऱ्या बाया दोनच, मी नाही तर तूच, एवढंच ती म्हणत राहिली.

शेवटी ती उठली आणि पाटाजवळ गेली. नवरदेव म्हणजे सावळाराम, टपालखात्यातून निवृत्त झालेला, सत्तरीचा. नवरी कमळ, त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. दोघं अजून पाटावरच उभी होती. सुंदराबायनं हात जोडले आणि तिला रडूच फुटलं.

"माफ करा मला. तुमी मजेला उभं ऱ्हायलात आन् मी तुमचं खरंच लग्न लावलं. आमच्यात ते मोडत नाय. आजपासून मी गायची नाय, पन तुमच्या घरच्यांना आता काय सांगू?"

सावळारामनं मुंडावळ्या सोडायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. घरी सांगायला बायको नाही, तिला जाऊन नऊ वर्षं झाली, असं तो हळूच म्हणाला. कमळबाईंचे मालकही मागेच गेले. तो कमळकडे बघू लागला.

कमळ पाटावरून उतरली. दिवसभर ती अगदी शहरातलं मराठी बोलत होती. तिनं आपल्या पदरानं सुंदराबायचे डोळे पुसले.

"बारकीला नको बोलू गो बाय, ओळ मी उचलली. माझी आय धवलारीण होती. आमची पोरं लग्नाला नाय म्हनतात, म्हनून आमी तिसऱ्या खेपेला या सहलीला आलो. मागल्या दोन्ही वेळा तू चारावरच थांबलीस."