खाजकुयलीच्या शेंगा

खुर्सीपार वस्तीत सिंधुताईच्या जिभेला सगळी गल्ली खाजकुयली म्हणायची. एकदा लागली की माणूस आठ दिवस खाजवत बसे. म्हणूनच तिच्या सुनेनं, रमानं, महिनाभर तोंडातून ब्र काढला नव्हता. शेवटी धीर करून ती म्हणाली, "आई, न्हाताना टिनाच्या फटीतून कोनीतरी पाहून राह्यते."

दुपारी सिंधुताईनं मुलाचे प्लांटमधले हातमोजे चढवले आणि खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा न्हाणीच्या त्या फटीभोवती बाहेरून घासघासून चोळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमा न्हाऊन आली, तर ओसरीवर सासरे दोन्ही हातांनी गाल ओरबाडत होते. "सूनबाई, चोळाले शेण आन लवकर!"

सिंधुताईनं रमाचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"खाजवू दे त्याले," ती म्हणाली. मग रमाकडे न पाहताच तिनं पुढचं सांगितलं. "मोठ्या सुनेनं बी मले हेच सांगतलं होतं. तवा मी तिलेच बदचलन म्हनून माहेरी धाडलं."