ताटातलं मीठ

पुष्पाबाईंना आजही ताटात मीठ सापडलं नाही. भाकरी होती, वरण होतं, वांग्याची भाजी होती. मीठ नाही, ठेचाही नाही.

"मीठ डाव्या अंगाले वाढतात, एवढंही तुह्या मायनं शिकवलं नाई काय वं, कला?"

सुनेनं चिमूटभर मीठ घेतलं आणि भाजीच्या कडेला ठेवलं.

घरात हल्ली कोणी बोलतच नव्हतं. नवऱ्याला, हिंमतरावांना, काही विचारलं की ते "पाहू" म्हणत.

खोकला दोघांनाही होता. त्यांना बिडीचा, पुष्पाबाईंना चुलीचा. म्हणून नागपूरला दोघांच्याही छातीचे फोटो काढले होते. मग पोळ्याच्या सुमारास मेहकरचे डॉक्टर घरी आले आणि ओसरीवर हिंमतरावांशी हळू बोलले. पुष्पाबाईंनी दाराआडून ऐकलं. फुप्फुसातला रोग मेंदूत गेलाय. मुंबईत कोबाल्टचे किरण देतात. रोग जाणार नाही, पण त्रास कमी होईल, काही महिने बरे जातील. उशीर करू नका.

आता दसरा आला होता.

"मुंबईले कधी निघता?"

"पाहू."

"पाहू-पाहू करता करता जीव जाईन. केस जातील म्हणून भेता काय? टोपी घाला!"

हिंमतराव उठून परसात गेले. पुष्पाबाई त्यांच्यामागे निघाल्या आणि डावा खांदा पुन्हा चौकटीवर आपटला. सुतारानं दार अरुंदच केलं होतं. डोकंही सकाळपासून ठणकत होतं. अशा माणसाबरोबर कोणाचंही ठणकेल.

दसऱ्याला डॉक्टर जेवायला आले.

"काकू, आज तुम्हीही आमच्यासोबत बसा."

पुरुषांच्या पंगतीत बसणं त्यांना आवडलं नाही, तरी त्या बसल्या. कलानं तिन्ही ताटं वाढली.

"पाहा डॉक्टर! पाहुण्यासमोरही मीठ नाई. सुनेचं हे असं, अन् ह्यायचं तसं. तुमीच सांगा ह्यायले, जा म्हणा मुंबईले."

डॉक्टरांनी पुष्पाबाईंच्या ताटाकडे पाहिलं, मग हिंमतरावांकडे.

हिंमतराव पुढे वाकले. त्यांनी बायकोचं ताट धरलं आणि हळूच अर्धं फिरवलं. डावीकडे वाढलेलं मीठ आणि ठेचा तिच्या उजव्या हाताशी आले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "उद्या मलकापूरहून गाडी धरतो. हिले मुंबईले नेतो."