बुलेटचा गेटपास

आमचा कुत्रा म्हातारा झालाय, नाव तेवढं बुलेट राहिलंय. नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी एक संथ फेरी, एवढंच त्याचं सुख. नवे सेक्रेटरी वामनकाका यांनी पहिलं समाजकार्य म्हणून बागेत कुत्र्यांना बंदी घातली.

आठवड्याभरात तेच आमच्या दारात.

"सनी, आमचे नाना रोज बुलेटच्या सोबतीने फिरायचे रे. आता सोफ्यावरून उठतच नाहीत, डॉक्टर मला ओरडतात. पाठव ना त्याला."

"पण काका, बंदी आहे ना?"

"ती कुत्र्यांना. आपण याला नानांचा केअरटेकर म्हणून घेऊ. घरकामाच्या माणसांना देतो तसा पास देऊ."

पासासाठी बुलेटचा फोटो काढला. पोलीस व्हेरिफिकेशन मोठ्या मनाने माफ झालं. काल पहिली फेरी मारूनच तो धापा टाकायला लागला, म्हणून नानांनी त्याला उचलून बाकावर आपल्या शेजारी बसवलं. तेवढ्यात वॉचमन धावत आला.



"नाना, त्याला खाली बसवा. कामाच्या माणसांनी बाकावर बसायचं नाही, सेक्रेटरी साहेबांचा रूल आहे."