आपल्या तुरीत
अमडापूरच्या मैदानाला लागूनच तुरीचे वावर आहे. चेंडू तिकडे गेला की ‘डेड बॉल’. खेळ थांबतो आणि दोन्ही संघांच्या मुली मिळून तो शोधतात. बुलढाण्याच्या सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्यात मात्र गवतात हरवलेला चेंडूही जिवंत होता; खेळ चालूच, आणि धावणारीला तो टेकवला की ती बाद. अमडापूरची प्रेरणा तो धास्तावून शोधत होती. विजयाची धाव घेत होती रेणुका. शहराच्या संघात गेल्यापासून ही गावातली मैत्रीण आपल्याला विसरली, अशी प्रेरणाची खात्री होती. तोच गवतात आणखी दोन हात शिरले. “तिकडं पाह्य वं,” धावणे सोडून आलेली रेणुका म्हणाली. “पळ, बॉल लाइव्ह आहे,” तिचे प्रशिक्षक ओरडत होते. चेंडू सापडला. प्रेरणाने तो तिच्या खांद्याला हलकेच टेकवला. “आऊट झाली तू.” रेणुकाने जीभ चावली. “मले वाटलं, आपल्या तुरीतच गेला.” चेंडू मुठीत धरून प्रेरणाने तिच्या केसांतले कुसळ काढले.