अंगी लागलेलं

"धावल्याशिवाय चरबी उतरत नसते," ताई म्हणाली. "लोखंड उचलून दंड फुगतात. डॉक्टरांना तुझे दंड नकोत, यकृत हवंय."

तो उकडलेली भाजी चावत राहिला. समोर वडील बसले होते. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा आता लांबूनही दिसायचा. पोट फुगलं होतं आणि हातांच्या पार काड्या झाल्या होत्या. त्यांचं यकृत निकामी होत चाललं होतं. कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ते जगणार होते. ताईचा रक्तगट जुळला नाही. त्याचा जुळला, पण तपासणीत त्याच्याच यकृतात चरबी निघाली. बारा किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी या, तोवर आम्ही यांना सांभाळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वडिलांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, देणाऱ्याला काही होतं का? क्वचित, डॉक्टर म्हणाले. आई गेली तीही एका साध्या ऑपरेशनमध्ये, पण तो विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

ताई शाळेत खेळाची शिक्षिका. रोज पहाटे धावणारी, काटक, आणि आपलंच खरं करण्यात पटाईत. तिच्या विरुद्ध बाजूला होता पैलवान. कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याची व्यायामशाळा होती. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. मान तेवढी तशी होती, म्हणून नाव पडलं ते पडलंच. त्याचं म्हणणं, धावून आधी स्नायू झडतात आणि चरबी जागच्या जागी राहते. वजनं उचलावीत, स्नायू कमवावेत, मग माणूस झोपला तरी ते चरबी जाळत बसतात. व्यायाम झाला की तो एका डब्यातली पावडर, दूध आणि केळी घुसळून मोठा पेला हातात द्यायचा. वर एक पुडीही बांधून द्यायचा, रात्रीसाठी. स्नायूंचं खाद्य, म्हणायचा.

पेल्याचं त्याने ताईला सांगितलंच नाही. तिने त्यावरून आणखी एक भांडण उकरून काढलं असतं, आणि गोदामात दिवसभर पावत्या फाडून आलेल्या माणसात भांडायचं त्राण उरत नाही.

वडील पैलवानाच्या बाजूचे. सुतारकाम करायचे तेव्हा त्याच्याकडचे बाक त्यांनीच बनवले होते. माणूस ओळखीचा आहे, त्याच्या डोळ्यांसमोर राहशील, म्हणायचे. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी काय परकी आहे का, असं विचारून ती ताट उचलायची.

एकदा त्याने दोन्ही करून पाहायचं ठरवलं. पहाटे ताईबरोबर धावायला लागला. जीव कासावीस व्हायचा, पण परतताना हलकं वाटायचं. मग एका सकाळी तो घरी आला तर वडील न्हाणीघरात जमिनीवर बसलेले. चक्कर आली, म्हणाले. पहाटे घरात कोणीतरी असलेलं बरं, इतकंच बोलले. धावणं तिथेच संपलं.

पुढे ताईने त्याला धरून काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं होतं. तिने त्याला उतरवून पुन्हा उभं केलं, आकडा तोच. पैलवानाला सांगितलं तर तो हसला. स्नायू चरबीपेक्षा जड असतात, काट्याला काय कळतंय? त्याने स्वतःला आरशात पाहिलं. खांदे खरंच रुंद झाले होते. त्याला विश्वास ठेवायचा होता, म्हणून त्याने ठेवला.

त्याने मेहनतीत मात्र कसूर केली नाही. तळहात सोलून निघाले. त्याला भीती वाटायची, बाबा जातील याची आणि आपल्यामुळे जातील याची. संध्याकाळी वडील त्याच्या फोडांना तेल लावायचे. किती राबतोस रे, म्हणायचे, आणि हात बराच वेळ सोडायचे नाहीत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर जुना आणि नवा अहवाल शेजारी लावला. चरबी दुप्पट झाली होती. काय खात होतात, त्यांनी विचारलं. त्याने सगळं सांगितलं, अगदी पेल्यासकट. ताईने मान फिरवली.

"अहो, ते हडकुळ्या माणसांना जाड करायला देतात," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा तीन महिने थांबण्याइतके दिवस वडिलांकडे नव्हते. बाहेरच्या बाकावर त्याने त्यांना हे सांगितलं, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुझ्याकडून होतं तेवढं तू केलंस, म्हणाले. महिन्याभरात ते गेले. ताई त्याला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

सगळं आटोपल्यावर तो व्यायामशाळेत गेला. दुपारची वेळ होती, कोणी नव्हतं. पैलवान बाक पुसत होता. आत शिरताच त्याने मांडणीवरची लोखंडी दांडी उचलली. इतक्या दिवसांच्या मेहनतीने ती हातात हलकी वाटत होती.

"माझा बाप मारलास तू," तो म्हणाला. "कशासाठी, एवढं सांग."

पैलवान मागे सरकला नाही. फडकं बाजूला ठेवून तो बाकावर बसला.

"मार," तो म्हणाला. "पण तुझं नाव घालायला तू आलास ना, त्याच्या आदल्या दिवशी तुझे बाबा आले होते. जिन्यात तीनदा बसले असतील. इथे येऊन माझे पाय धरले आणि एवढंच म्हणाले, माझा पोरगा बारीक होता कामा नये."