टॅपेटचा आवाज

"तेलाचे टॅपेट नकोत," कमलम्मा म्हणाली. "होते तसलेच बसव. ठोस लोखंडाचे."

आनंदराजनं फडक्याला हात पुसत तिच्या लेकाकडं, संगमेशकडं पाहिलं. लातूरला औसा रोडवर आनंदराजचं गॅरेज. ओट्यावर कमलम्माच्या नवऱ्याच्या, गुरुपादप्पांच्या जुन्या बुलेटचं इंजिन आतडी काढल्यासारखं उघडं पडलं होतं. नवरा गेला तेव्हापासून गाडी औशाच्या घरी ताडपत्रीखाली होती. कुणी हात लावला की कमलम्मा अंगावर यायची. अन् या उन्हाळ्यात तीच लेकाला म्हणाली, "पोरीबाळींच्या स्कुटीवर काय फिरतोस? बापाची गाडी काढ."

लेक खूश झाला. आणि आता गाडी तयार व्हायच्या वेळेला ही अडून बसलेली.

"मावशी, समजून घ्या," आनंदराज म्हणाला. "हे दोन टॅपेट आतले व्हॉल्व्ह उघडतात. ठोस असले की मधी जरा फट ठेवावी लागती, म्हणून टकटक वाजतात. हवेवर थंड होणारं इंजिन, वरून पाण्याचं कवच न्हाई, सगळा आवाज भाईर. हायड्रॉलिकमधी तेल भरतं, फट आपोआप मिटती. गाडी मांजरावानी चालती."

"मांजर पाळायचं असतं तर दूध घातलं असतं. पेट्रोल कशाला जाळू?"

आनंदराज हसला. संगमेश हसला नाही.

"अव्वा, तुला काय कळतंय त्यातलं? दर महिन्याला ती फट कोण जुळवत बसंल?"

"ह्यो जुळवंल. त्यासाठीच दुकान मांडलंय त्यानं."

"नुसती खटखट! वेशीपाशी असलो तरी घरात कळतंय. मला गुपचूप यायचंय. मी नसताना घरात काय चालतंय ते तरी दिसंल." एवढं बोलून तो बायकोकडं बघून हसला.

सुकन्या बाकड्याच्या कडेला बसली होती, लहानग्या लेकीला, शिवांगीला पोटाशी धरून. ऐन मे महिन्यात तिनं पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता. मागच्याच हप्त्यात पायरीवरून घसरली होती. तीही हसली.

"मी उद्या इंजिन नांदेडला धाडतो," आनंदराज म्हणाला. "माझा उस्ताद त्यात तेलाची वाट पाडून देईल. पण आधीच सांगतो, एकदा वाट पाडली की जुने टॅपेट परत बसत न्हाईत. काय ते आत्ताच ठरवा."

"ठरलंय. धाड," संगमेश म्हणाला.

"न्हाई," कमलम्मा म्हणाली.

संगमेशनं हातातला पाना ओट्यावर आपटला. सुकन्याचे खांदे वर गेले आणि हळूच खाली आले. शिवांगी रडली नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

कमलम्मा उठली, इंजिनापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. त्याच हातानं तिनं थंड लोखंड चाचपलं.

"त्या माणसाच्या गाडीचा आवाज बुजवायचा असंल तर आधी मला पुरून ये. बापाशेजारी जागा हाय."

बाहेर चहा पिणारी दोन माणसं वळून बघू लागली. चार लोकांत संगमेश आईला कधी उलटून बोलत नसे. त्यानं मान खाली घातली.

औशाच्या त्या गल्लीला या आवाजाची गोष्ट माहीत होती. संध्याकाळी वेशीपाशी टकटक आली की कमलम्मा पीठ परातीत तसंच टाकून उठायची, लेकराला काखेत मारायची आणि आत पळायची. शेजारणी पदरात तोंड घालून हसायच्या. "चालली बघ नटायला! नवरा आला ना!" कमलम्मा जिभेची तिखट, कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण या एका बोलण्यावर तिनं कधी उत्तर दिलं नाही. गल्लीनं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

"बाईचा जीव गुंतलाय त्यात," आनंदराज हळूच संगमेशला म्हणाला. मग मोठ्यानं, "काकांच्या मागं बसून लई फिरला असाल, मावशी?"

"एकदाबी न्हाई."

आनंदराजनं जुने टॅपेट पुसायला घेतले.

इंजिन जोडून झालं त्या दिवशी ती पुन्हा आली, एकटीच, औशाच्या एसटीनं. आनंदराजनं किक मारली. कमलम्मा डोळे मिटून ऐकत राहिली.

"आणखी जरा वाजू दे."

"मावशी, फट बराबर हाय. वाढवली तर गल्लीच्या टोकावरून ऐकू येईल."

"वाढव."

त्यानं इंजिन थंड होऊ दिलं, झाकण काढलं, पान्यानं फट किंचित वाढवली. पुन्हा किक. टक टक टक टक. कमलम्माच्या मानेवर घाम उतरला.

"हाव," ती म्हणाली. "असाच होता."

आनंदराजचे डोळे भरून आले. त्यानं तिला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी संगमेश गाडी घेऊन कामावर गेला. संध्याकाळी सुकन्या चुलीपुढं भाकरी थापत होती, शिवांगी शेजारी खेळत होती. कमलम्मा उंबऱ्यापाशी बसली होती. लांब वेशीकडून टकटक ऐकू आली.

"अत्याबाई," सुकन्या म्हणाली, "मामंजींची लई आठवण येत असंल न्हाई?"

कमलम्मा उठली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, सुनेच्या हातातला पिठाचा गोळा काढून परातीत टाकला आणि कोपऱ्यातलं मुसळ उचलून घेतलं.

"नीट ऐकून ठेव. आता वेशीत हाय. मठापाशी वळला की आवाज घुमतो, तवर पोरीला घेऊन आतल्या खोलीत जायचं अन् कडी घालायची," ती म्हणाली आणि मुसळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात आडवी बसली. "संगमेश ल्हान होता तवा ह्याला काखेत मारून मागच्या दारानं पळायला मला एवढाच वेळ मिळायचा. तुला पळायचं न्हाई. दारात मी हाय."