आटपाडीची कोरडी हवा

मीटरवरचा आकडा चढायला लागला, तशा पॉलिहाऊसमध्ये टाळ्या वाजल्या.

"वा! कमाल केलीत, मॅडम," समितीतले जयराज साहेब मीटरजवळ वाकून म्हणाले. आकडा आणखी उसळला. चंदनाच्या कॉलेजातून आलेली माणसं एकमेकांकडे बघून हसली. समितीचे अध्यक्ष अजितकुमार मगदूम तेवढे हसले नाहीत. चंदनाचं काम पुढं चालू ठेवायचं की इथंच थांबवायचं, हे आज तेच ठरवणार होते.

चंदना चौगुले सांगलीची. प्रयोगशाळेत तिनं एका पॉलिमरच्या पांढऱ्या पट्ट्या तयार केल्या होत्या. कोरड्या हवेत टांगल्या की त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायच्या आणि ओल लागली की आपणहून सोडून द्यायच्या. भट्टी नको, तापवणं नको. थंडीत पॉलिहाऊस बंद ठेवलं की आतली झाडं सकाळीच हा वायू संपवतात आणि उपाशी राहतात. त्यांना तो असा पुरवायचा, हे तिचं स्वप्न. पण सांगलीत नदीकाठच्या दमट हवेत पट्ट्या कधी धड वाळल्याच नाहीत. सगळे म्हणाले, सोड हा नाद. तिनं नाद सोडला नाही, गाव सोडलं. पट्ट्या गाडीत घातल्या आणि थेट आटपाडी गाठली.

तिथं तिला राजेश्वरी भेटली. नवरा फौजेत, सासू-सासरे थकलेले. शेत आणि ढोबळी मिरचीचं हे लहानसं पॉलिहाऊस ती एकटी बघायची. चंदनाचं सगळं बोलणं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं दुसरं काय न्हाई ताई, पण कोरडी हवा लागंल तेवढी घ्या."

तेव्हापासून पट्ट्या रोज बाहेर वाऱ्यावर टांगायच्या आणि सकाळी आत आणायच्या, हे राजेश्वरीनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. 'फौजीची बायको हवा वाळत घालती,' असं गावभर झालं. ती हसायची आणि पुढची पट्टी टांगायची.

आज पट्ट्या आत आणून झाल्या होत्या. दार बंद होतं. बारीक तुषार सोडणारे फॉगर नुकतेच सुरू झाले होते. आणि आतल्या हवेतला हा वायू मोजणाऱ्या मीटरचा आकडा चढत होता.

चंदनाला मात्र ते खरं वाटेना. एवढ्या लवकर? तिनं हात वर करून जवळच्या पट्टीला बोट लावलं. मग दुसरीला. मग शेवटच्या ओळीतल्या एकीला.

पट्ट्या अजून कोरड्याच होत्या.

तिनं सभोवार पाहिलं. बंद दाराआड दाटीनं उभी असलेली माणसं बोलत होती, हसत होती. तिच्या काय ते ध्यानात आलं. तिचा उतरलेला चेहरा बघून राजेश्वरी जवळ सरकली. चंदनानं तिच्या कानात दोन शब्द सांगितले.

"आवं, चढलाय की आकडा," राजेश्वरी कुजबुजली. "गप ऱ्हावा. त्यांस्नी कुठं कळतंय?"

एवढ्या दिवसांचे कष्ट चंदनाच्या एकटीचे नव्हते. मग ती पुढं झाली.

"सर, हा आकडा माझ्या पट्ट्यांचा नाही. हा आपल्या श्वासांचा आहे. कृपा करून सगळ्यांनी बाहेर चला."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. कॉलेजातल्या एकानं कपाळाला हात लावला. मगदूम सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडले.

चंदनानं मीटर उचलून आतूनच प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकवून ठेवला, आकडा बाहेरून दिसेल असा. सगळ्यात शेवटी बाहेर येऊन तिनं दार लावलं. उन्हं वर आली होती. आतली झाडं कामाला लागली आणि आकडा उतरायला लागला. उतरत उतरत तो बाहेरच्या हवेइतका झाला. मग त्याच्याही खाली गेला. जयराज साहेबांनी ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली. चंदना प्लॅस्टिकला हात टेकून उभी होती. राजेश्वरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बाहेरचा नळ फिरवून फॉगर आणखी मोठे केले.

आत धुकं दाटलं. टांगलेल्या पट्ट्या हळूहळू ओलावल्या, जड झाल्या, त्यांच्या टोकांना थेंब धरले.

आकडा थांबला.

बराच वेळ तो तिथंच राहिला. मग एकानं वाढला. मग आणखी एकानं. मघासारखा उसळला नाही. दम लागलेला माणूस घाट चढतो तसा, सावकाश, न थांबता वर आला. बाहेरच्या हवेइतका झाला आणि तिलाही मागं टाकून वर चालला. झाडं खात होती, तरी तो चढत होता.

गाडीजवळ गेलेली माणसं परत आली. मगदूम सर आकड्यावरची नजर काढेनात.

"जयराज, आत कुणीतरी राहिलंय," ते म्हणाले. "बघून या."

जयराज साहेब प्लॅस्टिकला डोळे लावत, एकेक ओळ न्याहाळत, पॉलिहाऊसला पूर्ण फेरी मारून आले. परत येऊन त्यांनी आधी चंदनाकडे पाहिलं. मग राजेश्वरीकडे. मघाचं त्यांचं हसू आता चेहऱ्यावर नव्हतं.

"नाही, सर," ते हळूच म्हणाले. "आत कुणीच नाही."